चार हातांच्या आत

शनिवारचा शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोस्ताई कुंभार खांद्यावर रांजण घेऊन शिखीन गावच्या मधल्या गल्लीतून निघाला, आणि खारवलेली मासळी विकणारा येशेबाब जागेवरून उठून उभा राहिला. दोस्ताईने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. एक गाढव होतं, पण येशेबाब काही गाढवासाठी उठणाऱ्यांतला नव्हता. चार पावलांवर एक जण चप्पल शिवून घ्यायला बसला होता, तो एका पायावर उभा राहिला. त्याच्या पुढे न्हाव्याकडे बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या हजामतीवर ताडकन उठलं आणि न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. सिप्पोरी शहरातून कुणी बडा धर्मपंडित आला असणार आणि आपण नेमके त्याच्या वाटेत कडमडलोय, अशी दोस्ताईची खात्री झाली. तो रांजणासकट भिंतीला चिकटून उभा राहिला आणि पंडिताची वाट पाहू लागला.

पंडित काही आला नाही. आला तो हेल्बो, प्रार्थनाघरातल्या शाळेचा पंतोजी. वय चाळीस, पोट गोल, आणि नियम सांगायला मिळाला की जेवण विसरणारा माणूस.

"अब्बा दोस्ताई," हेल्बो हळूच म्हणाला, "तुम्ही पुढे सरकल्याशिवाय या लोकांना बसता येत नाही."

अब्बा. काल संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्याला दोस्ताई म्हणत होतं, फार तर कुंभार म्हणत होतं. मग खुलासा झाला तो असा. शब्बाथच्या दुपारी हेल्बोने सहज बसल्या बसल्या हिशेब मांडला होता. मोठी टोळधाड आली त्या वर्षी दोस्ताईला दात येत होते, असं त्याची आई सांगायची. टोळधाडीला झाली एकोणसत्तर वर्षं. म्हणजे कुंभार सत्तरीचा झाला, आणि सत्तरीच्या माणसापुढे उठून उभं राहायचं ही तर आज्ञाच आहे. तो चार हातांच्या आत आला की उठायचं, पुढे गेला की बसायचं. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही याचं कारण दोस्ताईची दाढी. कुंभाराच्या दाढीत कायम वाळलेली माती, त्यामुळे त्यातली पांढरी माती कुठली आणि पांढरे केस कुठले, हे बघायला कुणी गेलंच नव्हतं. हेल्बोने मात्र बघितलं, आणि शब्बाथ संपायच्या आत घरोघरी सांगून टाकलं.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. दोस्ताई मात्र रांजण घेऊन उलट्या पावली घरी फिरला. कारण मधल्या गल्लीच्या पार टोकाला, अंजिराच्या झाडाखालच्या पायरीवर, शप्पीरा बसायची.

शप्पीरा म्हणजे जवसाचं सूत कातणारी विधवा. दोस्ताईची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तिचा नवरा जाऊन नऊ. दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पाहिलं होतं, म्हणजे गावातला हौद जसा रोज दिसतो तसं. पण तीन महिन्यांपूर्वी ती दिवा घ्यायला त्याच्या भट्टीवर आली. त्याने सात दिवे मांडले. तिने एकेक उचलला, कानाशी धरला, टिचकी मारून वाजवून पाहिला आणि म्हणाली, "काय रे कुंभारा, दिवे तर सगळे खणखणीत आहेत. तुला कधी कुणी वाजवून पाहिलंय का?" दोस्ताई एवढा हसला, एवढा हसला, की चाकावरची घागर बसकण मारून पार आडवी झाली. त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलाने, लेवीने, एकदा भट्टी उघडली तर आत तीन कानांचा रांजण. तिसरा कान कशाला, असं लेवीने विचारलं, तर दोस्ताई म्हणाला, असू दे, कुणाला तरी लागेल.

तिला घरी आणायचं त्याने ठरवून टाकलं होतं. फक्त विचारायचं बाकी होतं. आणि आता मध्येच ही सत्तरी उपटली. जी बाई आपल्याला पाहून आदराने उठून उभी राहते, तिला 'ये, माझ्या घरात बस' असं म्हणायचं कोणत्या तोंडाने? शप्पीरा एकदा का त्याच्यासाठी उठली, की तो अब्बा झाला. मग ती त्याला मऊ उशी देईल, मसुराची पातळ पेज देईल, पण टिचकी काही मारणार नाही. तिला आपण माणूस वाटतो की म्हातारा, एवढंच त्याला समजायला हवं होतं. ते समजल्याशिवाय जीभ उचलणार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दम धरवेना, तेव्हा तो गेला. गल्लीभर लोकांना उठवायला नको म्हणून मागच्या वाटेने गेला, तेलाच्या घाण्यामागून. तिथे चोथ्याचा चिखल, त्यात बकऱ्या, आणि बकऱ्यांना वयाचा काही आदर नाही. एका बोकडाने ढुशी मारून त्याला चिखलात बसवला. तरी उठून, अंगरखा झटकून तो शप्पीराच्या पायरीपाशी पोचला. ती जवस विंचरत होती. दोस्ताई चार हातांवर आला, तीन हातांवर आला, दोन हातांवर येऊन थांबला. ती जागची हलली नाही.

"बोकडाशी कुस्ती खेळून आलास काय रे?" तिने विचारलं.

दोस्ताईला हर्षवायूच झाला. तो काय बोलला, ती काय बोलली, काही आठवेना. परत जाताना मागची वाट विसरून तो मधल्या गल्लीतूनच सुटला. दोन्ही बाजूंनी माणसं उठत होती आणि हा सगळ्यांना बसा बसा करत, मधला जात्याचा दगड उडी मारून ओलांडत चालला होता. सत्तरीचा माणूस उडी मारताना पाहून येशेबाबच्या हातातली मासळी खाली पडली. न्हावी मात्र गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा चालवत तसाच बसून होता. दोस्ताईला त्याचं फार प्रेम आलं. तुलाही मी म्हातारा वाटत नाही ना, असं त्याने विचारलं. न्हावी म्हणाला, छे हो, वाटता तर, चांगले पिकलेले वाटता, पण हातात काम असेल त्याने उठायचं नाही असा नियम आहे.

दोस्ताईची उडी तिथेच संपली. जवस विंचरणं म्हणजे काम. शप्पीरा बसून राहिली ती त्याला तरुण समजून बसली, की हातातल्या कामामुळे? कळायला मार्ग नव्हता. तो घरी आला आणि सुनेने दिलेली भाकरी जैतुनाच्या तेलाऐवजी पाण्यात बुडवून खाल्ली.

त्यानंतर त्याने ध्यासच घेतला. शप्पीराचे हात रिकामे असताना तिला गाठायचं. पहाटे गेला तर ती कणीक मळत होती. भर दुपारी, कुत्रीसुद्धा झोपलेली असताना गेला, तर ती मसूर निवडत होती. संध्याकाळी गेला तर हातात टकळी गरगरत होती. एकदा त्याने डोकं लढवलं आणि प्यायला पाणी मागितलं. ती उठली. त्याला वाटलं, उठली, संपलं सगळं. मग त्याच्या ध्यानात आलं की ती पाणी आणायलाच उठली आहे. परत येऊन तिने पाणी दिलं आणि लगेच टकळी उचलली. दोस्ताई तीन भांडी पाणी प्यायला आणि मागच्या वाटेने निघून आला. असं मंगळवार, बुधवार चाललं. चार-चारदा जायचं, चार-चारदा पाणी प्यायचं. शिखीनमध्ये एवढं पाणी पिणारा माणूस दुसरा नव्हता.

आणि मागची वाट त्याला भलतीच महागात पडली. हेल्बोला तिचा पत्ता लागला. लोकांना उठायचे कष्ट नकोत म्हणून जो वृद्ध आडवाटेने जातो त्याला देव दीर्घायुष्य देतो, हे हेल्बोने शाळेत पोरांना शिकवलं आणि उदाहरणाला अब्बा दोस्ताई. केवढी ती नम्रता. झालं, कालपर्यंत जे चार हातांवर उठत होते ते आता डोळे पाणावून उठू लागले. येशेबाबने तर त्याला बांगड्याएवढी मासळी फुकट दिली. दोस्ताईला दीर्घायुष्य नको होतं असं नाही, पण त्याला ते शप्पीराच्या शेजारी हवं होतं, बोकडाच्या नव्हे.

कंटाळून गुरुवारी तो न्हाणीघरात जाऊन बसला. न्हाणीघरात कुणी कुणासाठी उठायचं नाही, उघड्या अंगाने कसला आलाय मानसन्मान. तिथे तो सुखाने वाफेत बसला, बाकीचेही बसले. कुणी त्याला अब्बा म्हणालं नाही. संध्याकाळी बाजूच्या बाकावर दोघं जण शब्बाथसाठी काय शिजवायचं ते बोलत होते, आणि दोस्ताई वाफेतून ओरडला, "शब्बाथ!" ते दोघं घाबरून त्याच्याकडे बघायला लागले. तो कमरेचं फडकं सावरत बाहेर पळाला.

शब्बाथला कुणी काम करत नाही. विंचरायचं नाही, कातायचं नाही, मळायचं नाही, निवडायचंसुद्धा नाही. दुपारचं जेवण झालं की सगळ्या बायका दारच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, हात मांडीवर, मोकळे. शप्पीरालाही मोकळे ठेवावेच लागतील. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचायला एवढे दिवस लागले, म्हणजे आपण खरंच म्हातारे झालो की काय, अशी एक शंका त्याच्या मनात डोकावली. ती त्याने हाकलून दिली.

शुक्रवारी त्याने सुनेकडे, मर्ताकडे, गरम पाणी मागितलं आणि दाढी धुवायला बसला. पहिलं पाणी गढूळ निघालं, दुसरं गढूळ निघालं, चौथ्या पाण्याला माती संपली. मर्ता पाण्याचं भांडं खाली ठेवून बघायला पुढे वाकली. दाढी शेवटच्या केसापर्यंत पांढरीशुभ्र. कुणाच्या लग्नाला निघालात का, असं तिने विचारलं. हा म्हणाला, शब्बाथच्या आदल्या दिवशी माणसाने स्वच्छ असू नये का? मर्ताने पुन्हा भांडं उचललं. मग पाणी ओतता ओतता सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "त्या जेव्हा सून म्हणून या गावात आल्या ना, अब्बा, तेव्हा त्यांचे केस गुडघ्यापर्यंत होते म्हणे. माझी आई सांगायची." कोणाचे केस, हे दोस्ताईने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

शब्बाथच्या दुपारी तो प्रार्थनाघरापासून निघाला. मागच्या वाटेने नव्हे, मधल्या गल्लीने. तिच्यासमोर सरळ चालत जायचं, चार हातांच्या आत शिरायचं, आणि काय होतं ते पाहायचं. हेल्बो बाजूने चालत होता. वृद्धाला सोबत करावी हासुद्धा कुठला तरी नियम होता, आणि त्याला हाकलावं कसं याचा नियम नव्हता. गल्ली दोन्ही बाजूंनी भरलेली होती. सगळी मंडळी जेवून सुस्तावलेली, पायऱ्यांवर पसरलेली. दोस्ताई जसजसा पुढे गेला तसतशी एकेक जोडी उठत गेली आणि मागे बसत गेली. पांढरी दाढी पाहून लोक आज जरा जास्तच घाईने उठत होते. येशेबाब तर सहा हातांवरच उठला.

दोस्ताईला यातलं काही दिसत नव्हतं. त्याची नजर गल्लीच्या टोकावर होती. अंजिराखाली शप्पीरा बसलेली होती. तिचे हात मांडीवर होते आणि हातांत काही नव्हतं. टकळी नाही, कणीक नाही, काही नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने ते हात रिकामे पाहिले. त्याला वाटलं, आपण आता पळत सुटू.

आणि शप्पीरा उठली.

अजून पन्नास-साठ हातांचं अंतर होतं. न्हाव्याच्या दुकानाच्याही पलीकडे. एवढ्या लांबून दाढी दिसते का? दिसली असणार, म्हणूनच उठली. धुवायला नको होती दाढी. माती बरी होती. तो थांबला, आणि मागे वळून घरी जावं, भट्टीत बसून दार लावून घ्यावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण हेल्बोने त्याचा दंड धरला होता आणि हेल्बो संतापला होता.

"शप्पीरा, खाली बस," हेल्बो जागेवरूनच ओरडला. "एवढ्या लांबून उठणं म्हणजे उठणं नव्हे. त्याला मान दिल्याचं धरत नाहीत. चार हातांत आले की मग ऊठ."

शप्पीरा बसली नाही. ती चालू लागली, गल्लीच्या मधून, सरळ त्यांच्या दिशेने. बायकांच्या माना तिच्याबरोबर फिरत गेल्या. न्हाव्याच्या दुकानापाशी ती येऊन थांबली, दोस्ताईपासून दोन हातांवर. तिला थोडी धाप लागली होती.

"पंतोजी, मला ठाऊक आहे तो नियम," ती म्हणाली. "पंधरा वर्षं तुमच्या शाळेच्या भिंतीला पाठ टेकून सूत कातलंय. म्हाताऱ्यासाठी उठायचं ते चार हातांत. म्हाताऱ्यासाठी उठले असं कोण म्हणालं तुम्हाला?"

नियमात याला उत्तर होतं का ते हेल्बो शोधू लागला. शप्पीरा दोस्ताईकडे वळली आणि आवाज खाली आणून बोलू लागली, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच खाली.

"तू जवळ आलास नि माझे हात रिकामे असले, तर मला उठावं लागलं असतं. मग तू अब्बा, आणि मी गावातली एक बाई. म्हणून तुझी चाहूल लागली की हाताला येईल ते काम ओढायचे. परवा टकळीला सूतच नव्हतं, नुसतीच फिरवत बसले. भर दुपारी तोच मसूर चार वेळा निवडलाय मी. आज शब्बाथ. आज काय ओढू? तू चार हातांत यायच्या आत उठले, आणि आले."

दोस्ताईला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि ते पाणी धुतलेल्या पांढऱ्या दाढीत. अख्खा आठवडा तो या बाईचे हात रिकामे सापडावेत म्हणून चिखलातून हिंडत होता, आणि अख्खा आठवडा ही बाई ते रिकामे सापडू नयेत म्हणून मसूर निवडत होती. एवढा आनंद एका माणसाच्या पोटात मावतो कसा, हे त्याला कळेना. बाजूच्या पायऱ्यांवर कुणी तरी हुंदका दिला. बहुतेक येशेबाब असावा.

"शप्पीरा," तो शेवटी म्हणाला, "माझ्या घरी येशील?"

"आज असल्या गोष्टी ठरवायच्या नसतात," ती म्हणाली, आणि हेल्बोने घाईघाईने मान हलवली, कारण हे मात्र बरोबर होतं. "उद्या सकाळी येऊन विचार. आणि मधल्या गल्लीने ये. त्या घाण्यामागून येशील तर दार उघडणार नाही. वास येतो तुला."

ती वळली आणि आपल्या पायरीकडे निघाली. दोस्ताई तिच्या पाठीकडे पाहत उभा राहिला. तो पुढे सरकत नसल्यामुळे त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना उभंच राहावं लागलं. बराच वेळ. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मधल्या गल्लीने निघाला. येशेबाब उठला, चप्पल शिवून घेणारा उठला, न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या हजामतीवर उठलं. आज दोस्ताईने कुणालाही बसा म्हटलं नाही. मान डोलवत, प्रत्येकाकडे बघत, सावकाश चालत राहिला. अंजिराखाली शप्पीरा बसली होती. जवसाची पेंडी भिंतीला टेकून ठेवलेली, फणी खाली ठेवलेली, हात रिकामे. तो चार हातांवर आला. तीन हातांवर. दोन. पायरीला त्याचा पाय लागला.

ती उठली नाही. जरा बाजूला सरकली आणि त्याला बसायला जागा करून दिली.